सतरा किलोंची बॅग आणि आईचं गाठोडं

टोकियोतल्या आमच्या इमारतीत शेजारच्या आजींनी माझी भूकंपात घेऊन पळायची बॅग दोन्ही हातांनी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "आता ही पाठीवर घे, लेकीचा हात धर आणि जिन्याने सहा मजले उतरून दाखव," म्हणाल्या. भूकंपात लिफ्ट बंद पडते, त्यामुळे जिनाच. चौथ्या मजल्यावर मी कठड्याला टेकून उभी राहिले. लेक म्हणाली, "आई, हात दुखतोय." तोल सावरायला मी तिचाच हात ओढत होते.

तो रविवार होता, १ सप्टेंबर २०२४. १९२३ साली याच तारखेला, दुपारचे १२ वाजायला दोन मिनिटं असताना टोकियो आणि योकोहामा हादरलं. जेवणाची वेळ, घरोघरी चुली पेटलेल्या, त्यामुळे सगळ्यात जास्त माणसं आगीत गेली. १९६० पासून हा दिवस आपत्ती निवारणाचा दिवस म्हणून पाळतात. लोक आपापल्या बॅगा उघडतात, बिस्किटांच्या तारखा आणि टॉर्चचे सेल बघतात. त्या वर्षी जरा जास्तच काळजी होती. ८ ऑगस्टला दक्षिणेच्या क्यूशू बेटाजवळच्या समुद्रात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जपानच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रातल्या नानकाईच्या पट्ट्यात महाभूकंपाची शक्यता वाढल्याची सूचना सरकारने पहिल्यांदाच दिली. आठवडाभर ती लागू होती. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याच्या बाटल्यांचा कप्पा रिकामा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. जे मिळेल ते आणून मी बॅग ठासून भरली होती.

वजन केलं, १७ किलो. त्यात ९ लिटर पाणीच. माझा हिशोब चुकला नव्हता. माणशी दिवसाला ३ लिटर, किमान तीन दिवस, आम्ही तिघं, म्हणजे २७ लिटर. त्यातलं निदान एक तृतीयांश तरी जवळ असावं, असं मला वाटलं. आजींनी शांतपणे समजावलं की २७ लिटर घरात पलंगाखाली ठेवायचे. बॅगेत अर्ध्या लिटरच्या दोन-तीन बाटल्या. बॅग ही सुखरूप शाळेच्या मैदानापर्यंत, म्हणजे निवाऱ्याच्या जागेपर्यंत पोचण्यासाठी, घरातला साठा त्यानंतर घरीच राहता आलं तर. बाईमाणसाच्या पाठीवर १० किलोच्या वर नको. मग त्यांनी बॅगेत बूट शोधले. नव्हते. त्या काहीच बोलल्या नाहीत, पायातला मोजा काढून तळव्यावरचा लांब व्रण दाखवला.

१७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला तेव्हा त्या कोबेत होत्या. पहाटे ५:४६. कपाट पडलं, काचा फुटल्या, अंधारात अनवाणी पळाल्या. तेव्हापासून जुने बूट पिशवीत घालून उशाशी ठेवतात.

मी त्यांना माझी वेळ सांगितली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. मी आठ वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून सगळं गाव दमून झोपलेलं. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून जरा लांब, म्हणून आम्ही वाचलो. आमची एक भिंत पडली, किल्लारी-सास्तूरला गावंच्या गावं पडली. आजींना 'माळवद' समजावताना माझे हातवारे संपले. दीड-दोन हात रुंद, दगड-मातीच्या भिंती, त्यावर लाकडं आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गारेगार. तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं.

आई फोनवर दर वेळी म्हणते, "भूकंपाच्या देशात कशाला राहता बाई, इकडं या." तिला मी सांगत आलेय की आपल्याकडचा तो भूकंप सहाच्या थोडा वरचा होता. तेवढे जपानच्या आसपास दरवर्षी होतात आणि बहुतेक वेळा दिवा हलण्यापलीकडे काही होत नाही. आपल्याकडे माणसं घरांनी मारली. हे खरं आहे, आणि हेही खरं की १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात नोतो भागात जुनी लाकडी घरं पडून इथेही माणसं गेली. आम्ही राहतो त्या एदोगावा वॉर्डाचा बराचसा भाग तर भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीच्याही खाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये घरोघरी दिलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय, 'इथे थांबू नका'. आपल्याच रहिवाशांना असं रोखठोक सांगणाऱ्या कार्यालयाचा मला मनापासून आदर वाटतो. आईला मात्र मी तो नकाशा दाखवलेला नाही.

आता खरी गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. शौचाची.

आजींनी माझ्या बॅगेत हात घालून विचारलं, "तोइरे?" म्हणजे शौचालय. मी टिश्यू दाखवले. त्यांनी मान हलवली. इथे घडीचे शौचालय-संच मिळतात. काळी पिशवी कमोडवर ताणून बसवायची, काम झालं की पुडीतली भुकटी टाकायची, मिनिटभरात सगळं घट्ट होतं, गाठ मारून बाजूला ठेवायचं. भूकंपानंतर नळाला पाणी आलं तरी मैल्याची नळी फुटलेली असू शकते. वरच्या मजल्यावरून सोडलेलं पाणी खालच्यांच्या घरात येतं. म्हणून तपासणी होईपर्यंत फ्लश करायचा नाही. माणशी दिवसाला पाच वेळा, सात दिवस, म्हणजे ३५ पिशव्या. आम्हा तिघांना १०५. बॅगेत १५, बाकी घरात. मला आधी हे अति वाटलं. मग आजी म्हणाल्या, "शौचालय घाण असलं की बायका पाणी पिणं सोडतात."

मी तिथेच थबकले. २००४ च्या निईगाता भूकंपानंतर आणि पुन्हा २०१६ ला कुमामोतोत गाड्यांमध्ये आणि निवारा केंद्रांत राहणाऱ्यांच्या पायात रक्ताच्या गाठी झाल्या, त्यात काही दगावले. एका जागी बसून राहणं आणि पाणी न पिणं, ही त्याची मोठी कारणं. इथे त्यावर डॉक्टरांनी काम केलं, पत्रकं काढली, पिशव्या बनवल्या. आणि मला आमचं पत्र्याचं शेड आठवलं. भूकंपानंतर कितीतरी महिने आम्ही घराच्या अंगणात पत्र्याखाली झोपायचो. आई आणि काकी संध्याकाळी पाच नंतर पाण्याला तोंड लावत नसत. अंधार पडल्यावर दोघी मिळून जायच्या, एकटी कुणी नाही. मला वाटायचं, त्यांना तहानच लागत नाही.

यात कुणाला लाजण्यासारखं काय आहे? मी नातेवाइकांच्या ग्रुपवर त्या पिशव्यांचा फोटो टाकला तर दोन उत्तरं आली. एक, "शी." दुसरं, "असं भरून ठेवणं अशुभ असतं." मला राग आला, अजूनही आहे. विमा काढताना कुणी अशुभ म्हणत नाही.

बॅग नुसती भरून उपयोग नाही, एक रात्र तिच्यावर काढून बघ, हाही आजींचाच सल्ला. म्हणून ऑक्टोबरात आम्ही ओकुतामाला गेलो. टोकियोतच आहे ते, पण पश्चिम टोकाला डोंगरात, तामा नदीच्या काठी. एक तंबू आणि दोन बॅगा, बाकी काही घ्यायचं नाही असं ठरवलं. सहा वाजता अंधार, गार वारा. शिजवून वाळवलेला भात मिळतो इथे, गरम पाण्यात १५ मिनिटांत होतो. आम्ही मुद्दाम गार पाणी घातलं, कारण निवारा केंद्रात शेगडी पेटवता येईलच असं नाही. गार पाण्यात ६० मिनिटं. सहा वर्षांच्या भुकेल्या मुलीला ६० मिनिटं काय सांगायचं? मी पोह्यांची पुडी फोडली. आपले पातळ पोहे, त्यावर पाण्याचा हबका, वर शेंगदाण्याची चटणी आणि मीठ. पाच मिनिटांत पोरगी जेवली.

हे मी अभिमानाने लिहितेय. शेकडो प्रकारचं आणीबाणीचं खाणं विकणाऱ्या या देशात पोह्यांच्या तोडीचं मला अजून सापडलेलं नाही. इथली डब्यातली कोरडी बिस्किटं घशाखाली उतरावीत, तोंडाला पाणी सुटावं म्हणून डब्यात खडीसाखरेसारखे गोळे घालतात. आमच्याकडची बाजरीची कडक भाकरी चटणी-तेलासोबत आठवडे टिकते आणि तिला असल्या आधाराची गरज पडत नाही. आजींना दिली. त्यांनी कुडूम्-कुडूम् चावून संपवली आणि आणखी एक मागून नातवासाठी नेली.

बाकी त्या रात्रीने बऱ्याच गोष्टी उघड्या पाडल्या. हातातला टॉर्च निरुपयोगी, कारण एक हात लेकीचा असतो. डोक्याला बांधायचा दिवा हवा. चंदेरी पातळ ब्लँकेट ऊब देतं, पण कूस बदलली की इतकं खडखडतं की तिघांनाही झोप लागली नाही. नवऱ्याची बीपीची गोळी घरीच राहिली होती. आता आठवड्याच्या गोळ्या, औषधांच्या वहीची झेरॉक्स, जादा चष्मा, शिट्टी, सार्वजनिक फोनसाठी १० येनची नाणी आणि आम्हा तिघांचा एकत्र फोटो, हे सगळं एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आहे. फोटो कशाला, तर ताटातूट झाली तर दाखवून विचारता यावं.

परत आल्यावर आईला फोन केला. तिच्या गाठोड्याची आठवण तामाकाठी रात्रभर जागताना झाली होती. भूकंपानंतर वर्षभर शेडच्या दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं असायचं. त्याला हात लावला की मार मिळायचा. "काय होतं गं त्यात?"

ती भराभर सांगायला लागली, जणू कालच बांधलंय. सातबारा आणि रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. काडेपेटी. गुळाचा खडा, भाजलेले शेंगदाणे. माझा आणि भावाचा एकेक जोड. बाबांची दम्याची गोळी. आणि दोन जुनी लुगडी.

"लुगडी कशाला? पांघरायला?"

"पांघरायला वाकळ होती की. आडोशाला. तुझ्या काकीला दिवस गेले होते, तिला अंधारापर्यंत कसं थांबवायचं? चार काठ्या रोवायच्या आन् लुगडं गुंडाळायचं."

माझ्या बॅगेत पिशव्या होत्या, भुकटी होती. आडोसा नव्हता.

कपाटातून सुती साडी काढली, तिनेच दिलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. मोठा टॉवेल बाहेर काढला, कारण साडीने अंगही पुसता येतं. चार चिमटे आणि दोरी टाकली. वजन केलं, ९ किलो ८०० ग्रॅम. मग बूट उशाशी ठेवले आणि लेकीला घेऊन सहा मजले उतरले, न थांबता.