परदेशातल्या भागीदारासोबत एलएलपी काढताना

भागीदार अमेरिकेत आणि धंदा पुण्यात असेल, तर साध्या भागीदारी फर्मपेक्षा एलएलपी, म्हणजे भागीदारांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी भागीदारी संस्था काढा, असंच मी सांगेन. साध्या फर्ममध्ये प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. एलएलपीत किमान दोन डेझिग्नेटेड पार्टनर (कायद्याची पूर्तता करण्याची जबाबदारी असलेले भागीदार) लागतात आणि त्यांतला एक आर्थिक वर्षात किमान 120 दिवस भारतात राहिलेला हवा.

गाडी बहुतेकदा कागदांवर अडते. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा तिथेच नोटराइज करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) करून घ्या. नुसती स्कॅन प्रत चालत नाही. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, पॅन आणि डिजिटल सहीत अक्षरशः एकच हवं. मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असलं, तरी अर्ज परत येतो.

पैसे आणण्याआधीच ठरवा: ते पुढे परत परदेशी न्यायचे आहेत का? न्यायचे असतील तर रक्कम मिळाल्यापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स या परदेशी गुंतवणूक नोंदवण्याच्या पोर्टलवर एफडीआय-एलएलपी (1) फॉर्म भरायचा, नाहीतर विलंब शुल्क लागतं. पाठवणाऱ्याच्या बँकेकडून येणारा केवायसी अहवाल उशिरा येतो, तो पहिल्याच दिवशी मागा.

भागीदारांमधला एलएलपी करारनामा एलएलपीच्या नोंदणीपासून 30 दिवसांत फॉर्म 3 सोबत कंपनी निबंधकाकडे दाखल करा. त्यात बँकेत सही कोणाची आणि भागीदार बाहेर पडला तर हिश्श्याचं मूल्य कसं काढायचं, हे स्पष्ट लिहा.