म्योडलारॉइट: 50 माणसांच्या गावातली भिंत

बर्लिनच्या भिंतीवर सगळेच लिहितात, मला त्यापेक्षा जर्मनीतलं हे म्योडलारॉइट गाव जास्त इंटरेस्टिंग वाटतं. वस्ती जेमतेम 50, आजूबाजूला शेतं आणि जंगल, आणि मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा म्हणजे किती, तर मोठी ढांग टाकली की पलीकडे! पण अलीकडचं अर्धं गाव बव्हेरिया राज्यात आणि पलीकडचं थुरिंजिया राज्यात.

आता हे काय दुसऱ्या महायुद्धानंतर कोणी नकाशावर रेघ ओढली म्हणून झालं असं नाही हं. 1810 मध्येच बव्हेरियाचं राज्य आणि रॉइस घराण्याचं संस्थान यांची हद्द या ओढ्यावरून ठरली आणि हद्दीचे दगड रोवले, पण गावकऱ्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं, शाळा आणि खानावळ थुरिंजियाच्या बाजूला, चर्चला जायचं तर सगळे मिळून बव्हेरियातल्या ट्योपेनला, असं सव्वाशे वर्षं मस्त चाललं होतं. मग 1945 नंतर थुरिंजिया रशियनांकडे (पुढे पूर्व जर्मनी), बव्हेरिया अमेरिकनांकडे (पुढे पश्चिम जर्मनी), आणि तोच कोणी न विचारणारा ओढा दोन महासत्तांची बॉर्डर झाला.

1952 मध्ये आधी लाकडी फळ्यांचं कुंपण आलं, नंतर काटेरी तारा, आणि 1966 मध्ये सुमारे 700 मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. वॉचटॉवर, फ्लडलाइट, सगळा जामानिमा. पूर्वेकडच्यांना स्वतःच्या घरी राहायलाही परवाना लागायचा, नातेवाईक सहज भेटायला येणं वगैरे विसराच. पश्चिमेकडून कोणी हात केला तर उलट हात करायचीही बंदी! म्हणजे शेजाऱ्याच्या धुराड्यातून धूर निघताना दिसतोय पण तो जिवंत आहे का विचारायची सोय नाही. तरी 1973 मध्ये एक पठ्ठ्या गाडी भिंतीला लावून शिडीवरून पलीकडे गेलाच.

अमेरिकन सैनिक याला 'लिटल बर्लिन' म्हणायचे. 1983 मध्ये थोरले बुश उपराष्ट्राध्यक्ष असताना भिंत बघायला आले होते, पश्चिमेच्या बाजूने अर्थात.

बर्लिन उघडलं 9 नोव्हेंबर 1989 ला, इथे पायी जायला वाट मिळाली ती बरोब्बर महिन्याने, 9 डिसेंबरला. पुढच्या जूनमध्ये बुलडोझर लावून बहुतेक भिंत पाडली, थोडा तुकडा म्युझियमसाठी ठेवलाय, तो वॉचटॉवरसकट बघता येतो, नक्की बघा.

भिंत गेली तरी 1810 ची हद्द मात्र जागच्या जागी आहे. अर्धं गाव ट्योपेनच्या कारभारात, अर्धं थुरिंजियातल्या गेफेलच्या, त्यामुळे महापौर दोन, पिनकोड दोन, गाड्यांच्या नंबरप्लेटाही वेगळ्या. बव्हेरियावाले 'ग्र्युस गॉट' म्हणतात, पलीकडचे 'गुटन टाग'. आणि ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याला लँडलाइनवरून फोन करायचा तर आधी एसटीडी कोड फिरवा.