ग्रे मार्केटचं ऑटोमॅटिक: महिना दुसरा

मागच्या नोंदीत माझ्या ग्रे मार्केटच्या, म्हणजे अधिकृत विक्रेत्याला वगळून विकल्या जाणाऱ्या अस्सल मालातल्या, ऑटोमॅटिक घड्याळाचे दिवसाला अधिक १४ सेकंद लिहिले होते, म्हणजे रोज तेवढं पुढे. आत मियोटा या जपानी कंपनीचं ८२१५ मशीन, म्हणजे तासाला २१,६०० बीट (ठोके), अन् अधिक ४० ते उणे २० सेकंदांची मुभा त्याच्या कागदावरच दिलेली. रोटर (हात हलला की फिरणारं आतलं वजन) एकाच दिशेने चावी भरतो, उलट्या दिशेला मोकळा फिरतो. पहिल्या दिवशी ती खुळखुळ ऐकून मी घाबरलो होतो. आता सवय झाली.

४ जानेवारी. सातच्या एसटीसाठी फाट्यावर उभा. घड्याळात सात वाजून गेले तरी गाडी नाही, म्हणून एसटीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मोबाइल पाहिला तर एसटी वेळेवर होती, आपलंच घड्याळ चार मिनिटं पुढे. रात्री झोपताना बरोबर लावलं होतं.

५ जानेवारी. पुन्हा चार मिनिटं. आता वॉरंटीचं कार्ड शोधलं. अनुक्रमांक आहे, तो मागच्या झाकणावरच्या आकड्याशी जुळतो (काही विक्रेते तो घासून टाकतात, तेवढं तरी झालं नव्हतं). पण अधिकृत विक्रेत्याच्या शिक्क्याची जागा कोरी. सोबत एक साधी चिठ्ठी: ‘एक वर्ष सेलर वॉरंटी’. मुंबईच्या एका दुकानातून ९,२०० ला घेतलं, छापील किंमत १४ हजारांच्या घरात. तेव्हा हुशारी वाटली होती.

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. बाई गोड बोलल्या: घड्याळ अस्सल असेल, पण शिक्का नाही तर काम पैसे घेऊनच. मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. कंपनीने वॉरंटी ज्याच्या हातून विकलेल्या मालाला दिली, तो माझा विक्रेता नव्हताच. मग मुंबईला फोन. ‘पाठवून द्या, दीड-दोन महिने धरा.’ घाटंजीहून विमा काढून कुरिअर, परतीचा खर्चही माझाच. सेलर वॉरंटी म्हणजे त्या माणसाचा शब्द. तो उद्या फोन उचलेनासा झाला की चिठ्ठी चुलीत घालायच्या कामाची. पक्कं बिल मात्र मी हट्टाने घेतलं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. म्हणजे मुंबई नाही, यवतमाळ. बिल नसतं तर तेही अवघड झालं असतं.

८ जानेवारी. बाजाराच्या दिवशी घड्याळवाल्या काकांकडे गेलो. आता ते बहुतेक सेलच बदलतात. कानाला लावलं अन् म्हणाले, ‘हे त पयून रायलं ना बावा!’ मी म्हटलं, झाकण उघडून पाहा. ‘उघडलं का तुयी वारंटी गेली. पोराच्या दप्तरातला कंपास आन.’ होकायंत्र घड्याळाजवळ धरलं तर सुई गर्रकन वळली. बारीक केसकमान (हेअरस्प्रिंग, घड्याळाची गती हीच ठरवते) चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी वागते अन् घड्याळ पळत सुटतं.

मग आठवलं. तुरीच्या मळणीच्या दिवसांत रोज रात्री घड्याळ ब्लूटूथ स्पीकरवर ठेवत होतो, अन् स्पीकरमध्ये चुंबक असतंच. म्हणजे शिक्का असता तरी फुकट झालं नसतं; हा बनावटीतला दोष नव्हे, माझा प्रताप.

१३ जानेवारी. चुंबक उतरवायची निळी डबी आली, पाचशेच्या आत. आली तेव्हा लाईन गेलेली. रात्री दहाला लाईन आली. बटण दाबून धरायचं, घड्याळ सावकाश वर हातभर लांब न्यायचं, मगच बटण सोडायचं. पहिल्या खेपेला घाईने सोडलं, सुई तशीच वळली. दुसऱ्यांदा जमलं.

त्यानंतरचे तीन दिवस: अधिक ११, अधिक १३, अधिक ९. मुंबईला पाठवलं असतं तर अजून कुरिअरच्या गोदामात असतं.

पुन्हा ग्रे मधून घेईन का? असं साधं तीन काट्यांचं, हो. फरक पाच हजारांचा आहे अन् ८२१५ ची कामं माहितीची आहेत. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) मात्र नाही. ते उघडायला काका तयार नाहीत, मी तर नाहीच.

स्पीकर आता बैठकीत, घड्याळ देवघराच्या फळीवर. आईला ते अजून पटलेलं नाही.