सायकलची रिम, मोरपंखी आणि उसाचं पाचट: आमच्या नाताळची सजावट

गेल्या डिसेंबरात बाजारात चौकशी केली, तर दाराला लावायचं प्लास्टिकचं हिरवं चक्र साडेसहाशेला आणि जेमतेम दोन फुटी झाड बाराशेला. वर त्या हिरव्याचा रंग असा, की जगातल्या कुठल्या झाडाला तो असेल असं वाटेना. घरी येऊन ह्यांना म्हटलं, कोल्हापुरात ऐन डिसेंबरात हिरवळीचा दुष्काळ आहे का? सजावट घरीच करायची.

माझं धोरण एकच होतं: सांगाडे आधी तयार ठेवायचे आणि पाल्याला अगदी शेवटी हात लावायचा. कितीही सुंदर पाला आणा, तोडल्या क्षणापासून तो वाळायलाच लागतो.

पहिली चांदणी, कारण ती महिनाभर दारात टांगायची असते. कामट्यांसाठी बुरूड गल्लीत गेले. "वैनी, आकाशकंदिलाच्याच काड्या की ह्या, दिवाळीतल्या उरल्यात, न्या," म्हणत काकांनी स्वस्तात दिल्या. पाच सारख्या कामट्यांचा एक तारा, तसाच दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकं सुतळीनं घट्ट आवळायची. मग आत जिथं कामट्या एकमेकींना छेदतात, तिथं दोन ताऱ्यांच्या मध्ये बोटभर काड्या उभ्या अडकवायच्या. चांदणीला एकदम पोट सुटतं आणि सांगाडा ताठ होतो. वर पतंगाचा कागद, मैद्याच्या खळीनं चिकटवलेला. खळीत चिमूटभर मोरचूद घातला की कागदाला कीड लागत नाही, पण ते विष आहे, म्हणून ते भांडं पोरांपासून आणि स्वयंपाकापासून लांब. आत एलईडी बल्बच लावायचा. जुना पिवळा बल्ब तापून कागद करपवतो.

दाराच्या चक्रासाठी पंक्चरवाल्याकडून लहान मुलाच्या सायकलची मोडकी रिम आणली. सासूबाईंनी नाक मुरडलं, "दाराला भंगार लावणार व्हय?" आता आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, मेणबत्त्या लावतात ते चक्रसुद्धा हॅम्बुर्गच्या योहान विखर्न पाळकांनी 1839 मध्ये मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर केलं होतं म्हणतात. तेवढं सांगितल्यावर सासूबाई गप्प बसल्या. रिमचा खरा फायदा म्हणजे आऱ्यांची भोकं. त्यांतून बारीक तार ओवली की पाल्याच्या जुड्या हलत नाहीत. जुड्या वितीएवढ्या करायच्या, सगळ्या एकाच दिशेनं बांधायच्या आणि आधीच्या जुडीचे देठ पुढच्या जुडीच्या पाल्याखाली झाकायचे.

पाला कुठला घ्यायचा, यात माझा बराच वेळ गेला. आंब्याचे डहाळे तोरणाला एक-दोन दिवस ठीक, पण आम्हाला नववर्षापर्यंत टिकणारं हवं होतं. सुरूच्या झाडाच्या फांद्या दिसायला अगदी नाताळच्या, पण वाळल्या की काड्यांचा नुसता सडा. सगळ्यात भरवशाची निघाली कुंपणाला लावतात ती मोरपंखी, वाळतानाही बरेच दिवस हिरवी राहते. तिच्यामध्ये अधूनमधून सिल्व्हर ओकची पानं उलटी खोचली. त्यांची खालची बाजू चंदेरी असते, त्यामुळे चमकीचा खर्च वाचला. यासाठी झाड तोडलं नाही. कॉलनीतल्या माळीमामांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी कुंपणाच्या छाटणीचा ढीग बाजूला ठेवला. आणल्यावर देठ तिरके कापून रात्रभर पाण्याच्या बादलीत उभे केले आणि तेविसाव्या तारखेला बांधायला बसलो.

पॉइनसेटिया मामींच्या अंगणातला. त्याची लाल दिसतात ती पानंच. फुलं म्हणजे मधले पिवळे दाणे. कापल्यावर पांढरा चीक गळतो, हाताला खाज सुटते, म्हणून देठाचं टोक क्षणभर गरम पाण्यात बुडवून चीक थांबवला आणि फुलदाणीत ठेवला. तारेत खोचला असता तर संध्याकाळपर्यंत मान टाकली असती.

येशूजन्माच्या देखाव्यातला गव्हाणीचा गोठा मात्र अस्सल आपल्याकडचा झाला. ऊसतोड चालूच होती. कागलजवळच्या भावाच्या रानातून पोतंभर पाचट आणलं, झटकून उन्हात टाकलं आणि खोक्यावर छप्पर शाकारलं. मागं उसाचे तुरे उभे केले. ते भुरभुरतात, त्यावर केसांचा स्प्रे मारला की पिसं जागेवर राहतात. पाचट भडकन पेटतं, त्यामुळे गोठ्याजवळ मेणबत्ती अजिबात नाही. वायल्डर मेमोरियल चर्चमधून घरी आलेली मंडळी चक्रापेक्षा या तुऱ्यांपाशीच जास्त रेंगाळली.

कामट्या, कागद, सुतळी, तार, बल्ब आणि पंक्चरवाल्याच्या चहाचे वीस रुपये धरून तीनशेच्या आत भागलं. सहा जानेवारीला सगळं उतरवलं. पाला आणि पाचट कुंड्यांत आच्छादनाला गेलं, स्प्रे मारलेले तुरे कचऱ्यात. रिम आणि चांदणीचा सांगाडा माळ्यावर आहे, फक्त पतंगाचा कागद नवा आणावा लागेल.