जंगी पलटण आणि एक तारीख

माझ्या आजोबांचे चुलत चुलते पहिल्या महायुद्धात गेले, एवढेच आमच्या घरात माहीत होते. "जंगी पलटणीत होते, कुतच्या वेढ्यात पडले," हे आजीचे ठरलेले वाक्य; कुत म्हणजे आजच्या इराकमधले शहर. जंगी सभा किंवा जंगी मिरवणूक म्हणतात, तशीच ही मोठी पलटण असणार, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनला आजही याच नावाने ओळखतात आणि १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी तिचा क्रमांक १०३ होता.

दुसरा धागा पत्र्याच्या डब्यातल्या रुप्याच्या पदकात सापडला. त्यावरचा पाचवा जॉर्ज सर्वांनी पाहिला होता, कड मात्र कोणी पाहिली नव्हती. भिंग धरून ते उजेडात हळूहळू फिरवले, तेव्हा कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटलेली दिसली. शिपायाच्या क्रमांकातले दोन आकडे झिजून गेले होते, १०३ मात्र स्पष्ट होते. अशी पदके कृपया घासूनपुसून चकचकीत करू नयेत, कारण शोधणाऱ्याच्या कामाचा मजकूर कडेवरच असतो.

राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाकडे मृत सैनिकांची नोंद आहे आणि ती संगणकावर शोधता येते. आडनावाने काहीच हाती लागले नाही, कारण मराठी नावे कानाला जशी वाटली तशी इंग्रजीत उतरवली गेली होती. मग पलटणीच्या क्रमांकावरून यादी काढून एकेक नाव वाचत गेलो. चौथ्या रात्री वडिलांचे नाव आणि गाव, दोन्ही जुळणारी नोंद सापडली. मृत्यूची तारीख सप्टेंबर १९१६ मधली होती.

या तारखेपाशी मी बराच वेळ थांबलो. तुर्कांचा कुतला वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि आतल्या ब्रिटिश-भारतीय फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड यांनी २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. म्हणजे ते वेढ्यात पडले नव्हते. वेढ्यात होते ही घरातली आठवण खरी मानली, तर जवळपास पाच महिन्यांची उपासमार सोसून ते जिवंत राहिले आणि पुढे तुर्कांच्या कैदेत गेले, असाच अर्थ निघतो. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली, शिपायांना उन्हातून पायी नेण्यात आले आणि अनेक भारतीयांना रास अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले. त्यांनी प्राण नेमके कोठे सोडले, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

त्यांचे स्मरण बसरा स्मारकात नोंदले आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, मेलेल्या ४० हजारांहून अधिक जणांसाठी उभारलेल्या या स्मारकाच्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण भारतीय शिपायांची फक्त संख्या आली आणि त्यांची नावे वेगळ्या नोंदवहीत गेली. ही असमान वागणूक होती, हे आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केले. तरी त्या संख्येतला एक आकडा आमच्या घरचा आहे, याचे दुःख कमी होत नाही.

आमच्या वंशावळीत त्यांच्या नावापुढे "कुतच्या वेढ्यात मृत्यू" असे लिहिलेले होते. ते खोडून मी "शरणागतीनंतर, सप्टेंबर १९१६, बहुधा कैदेत" असे लिहिले आहे. आता रेडक्रॉसच्या युद्धकैद्यांच्या याद्या वाचायला घेतल्या आहेत.