निजामाचे दहा लाख पौंड आणि आमचे तात्या

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, परभणीहून तात्यांचा फोन येणार, हे आता ठरलेलंच. झेंडावंदन उरकलेलं असतं, रझाकारांच्या चार गोष्टी होतात, मग नेहमीचा प्रश्न: "का रं, लंडनात वकिली करायलास ना? निजामाच्या पैशातला आपला वाटा कुठंय?"

तात्यांचं म्हणणं सरळ आहे. सारा आपल्या बापजाद्यांनी भरला, मग पैसा एकट्या निजामाचा कसा?

पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या भारताच्या लष्करी कारवाईच्या धामधुमीत, सप्टेंबर 1948 मध्ये, हैदराबाद सरकारच्या लंडनमधल्या खात्यातले 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर गेले. थोड्याच दिवसांत निजामानं ते परत मागितले. बँक म्हणाली, आधी मालक कोण ते ठरवा.

ठरणार कसं? सार्वभौम देशावर त्याच्या मर्जीविरुद्ध परक्या कोर्टात सहसा दावा चालवता येत नाही. याच मुद्द्यावर 1957 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं निजामाचा दावा थांबवला. पैसा तसाच पडून, व्याज चढत राहिलं.

2013 साली पाकिस्ताननं स्वतःच बँकेवर दावा लावला. इथंच फसलं! कोर्टात आपण होऊन गेलं की ते कवच गळून पडतं. लक्षात आल्यावर दावा मागे घ्यायला निघाले, पण कोर्टानं घेऊ दिला नाही. मला या अख्ख्या खटल्यात हाच भाग आवडतो. आपल्याकडं नाही का, बांध कोरला म्हणून मोजणीचा अर्ज टाकणाऱ्याचंच कधी कधी अतिक्रमण निघतं!

निकाल लागला 2 ऑक्टोबर 2019 ला. पैसे हत्यारांच्या बदल्यात मिळाले, असं पाकिस्तानचं म्हणणं होतं. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक हैदराबादला विमानानं शस्त्रं पोचवत होता, हे खरंच, पण न्या. मार्कस स्मिथ यांना तो युक्तिवाद पटला नाही. रहिमतुल्ला नुसते विश्वस्त, पैसा निजामाचा, आणि आता त्याच्या हक्कानं भारत सरकारचा व दोन नातवांचा. तोवर रक्कम सुमारे 3.5 कोटी पौंड झाली होती.

"म्हंजी सारा भरणाऱ्याचं नाव कुठंच न्हाई?"

"न्हाई तात्या. त्यायनं अर्जच केला नव्हता."

तात्या थोडं थांबले. मग मोंढ्यातला सोयाबीनचा भाव सांगू लागले.