दोन पॉइंटांची पांढरी कड

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या रात्रीची गोष्ट. जळगावात आमचं फ्लेक्स-डीटीपीचं दुकान. चोपड्याकडच्या एका आबांच्या केळीच्या नव्या वखारीचं उद्घाटन होतं. काम दोनच : 20 बाय 10 फुटांचा फ्लेक्स आणि फणीवर चिकटवायचे एक इंची स्टिकर. लोगो व्हॉट्सॲपवर आलेला, जरा मोठा केला की नुसते चौकोन. म्हणून कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो सबंध नव्याने काढला, व्हेक्टरमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितावर. हिरवं पान, त्यावर गडद हिरवं ‘केळी’, अक्षरांना पांढरी कड. चार इंच रुंदीत झकास दिसत होता.

‘‘व्हेक्टर आहे आबा, टिकलीएवढा करा नाहीतर भिंतीएवढा, फाटणार नाही,’’ असं वर छाती फुगवून सांगितलंही होतं.

रात्री दहाला फ्लेक्स मशीनवरून उतरला. अंगणात पसरला, फरशी अजून गरमच होती. आबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

‘‘भाऊ, नाव कोठे शे?’’

नाव होतं, पण हिरव्यावर हिरवं. पांढरी कड शोधायला मला खाली वाकावं लागलं. सुतळीएवढीसुद्धा नव्हती, दोरा होता दोरा! स्टिकरच्या शीटवर बरोबर उलटं. तिथे कडेनेच अक्षर खाल्लेलं, ‘ळ’चे दोन्ही डोळे वाळून काड्या झालेले.

कॉम्प्युटरवर एफ 12 दाबून कडेची (आउटलाइनची) सेटिंग उघडली आणि कपाळावर हात मारला. ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ची, म्हणजे चित्राबरोबर कडही लहानमोठी होऊ दे याची, टिक नव्हती. चार इंचांवर दिलेली 2 पॉइंटांची कड सगळीकडे 2 पॉइंटच राहिली होती, म्हणजे जेमतेम 0.7 मिलिमीटर. 20 फूट म्हणजे 240 इंच, साठपट. कड चार सेंटिमीटरच्या वर जायला हवी होती. एक इंचावर ती अर्धा पॉइंट हवी, तिथे चौपट जाड बसलेली. अक्षर कर्व्ह करायला, म्हणजे फॉन्टमधून सोडवून त्याचा नुसता आकार करायला, मी कधी विसरत नाही (मराठी फॉन्ट मशीनवर नसला की काय भानामती होते ते एकदा भोगलंय), पण आउटलाइनही ऑब्जेक्ट, म्हणजे चित्राबरोबर वाढणारा स्वतंत्र आकार, करायची असते, ते त्या रात्री घाईत राहून गेलं. कंट्रोल-शिफ्ट-क्यू, एवढंच.

फ्लेक्स पुन्हा छापला, माझ्या खर्चाने. स्टिकरचं तेवढ्यावर भागलं नाही. कड नीट लहान झाली तरी पानाच्या शिरा एकमेकींत मिसळून नुसता डाग दिसे. शेवटी शिरा काढून टाकल्या, ‘ळ’ची पोटं जरा मोकळी केली, कड पार उडवून पानाचाच रंग फिका केला. स्टिकरची फाइल तेव्हापासून मी वेगळीच ठेवतो.

पहाटे निघताना आबांनी वाया गेलेला फ्लेक्सही टेम्पोत टाकला. चाऱ्याच्या गंजीवर झाकायला.